पायाळूची कंबर

मला बघायला आलेल्या माणसांनी माझा चेहरा नंतर बघितला, आधी पाय बघितला. मी पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून डोक्याऐवजी पाय आधी घालून बाहेर आलेली. अशा माणसाचा डावा पाय उसण भरलेल्या कमरेला लागला की उसण निघून जाते असं आमच्या सगळ्या मुलखात मानतात, आणि माझ्या होणाऱ्या सासूबाईंची कंबर त्या दिवशी उंब्रजपासून जतपर्यंत एसटीत बसून पुरती धरली होती. पोहे खाऊन झाले, चहा झाला, आणि त्या म्हणाल्या, "बघू तरी, पोरीच्या पायाला खरंच गुण हाय का निस्तं नाव हाय." आईनं लगबगीनं उंबऱ्यात सतरंजी टाकली. त्या पालथ्या पडल्या. मी नव्या साडीचा घोळ एका हातात धरून, दुसऱ्या हातानं चौकट धरून, त्यांच्या कमरेवर डावा पाय दिला. त्या उठल्या, अंगणात एक फेरी मारून आल्या आणि मुलाला म्हणाल्या, "पसंत हाय." मुलगा हातातल्या पेपरात बघत होता. त्यानं मान हलवली.

माझ्या वडिलांना यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडं प्यायचं पाणी टँकरनं यायचं, आणि तिकडं कृष्णेकाठी उसात बारमाही पाणी. लेक पाण्याच्या गावाला दिली म्हणून ते गावभर पेढे वाटत फिरले. मला मात्र माहेर सोडताना पायाळूपणापासून सुटका होईल अशी आशा होती. कारण पायाळू माणसावर वीज पडते असंही लोक मानतात. आभाळ गडगडलं की रानात सगळ्या बायका बाभळीखाली दाटीवाटीनं उभ्या राहायच्या आणि मला म्हणायच्या, "तू लांब हो गं. तुझ्यापायी आमी मरू." मी उघड्यावर भिजत उभी. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यातलीच एखादी कमरेवर हात ठेवून दारात यायची. "पोरी, जरा पाय लाव की." मी लावायची. नाही म्हणायची सोय नव्हती.

खरं सांगायचं तर लाथेनं उसण जाते यावर माझा कधीच विश्वास नव्हता. माझा विश्वास पायावर होता. लोकांना वाटायचं मी लाथ मारते. मी लाथ मारायची नाही, अंगठ्यानं शोधायची. कमरेत कुठंतरी एखादी गाठ असते, सुपारीएवढी घट्ट. ती अंगठ्याला सापडली की तिच्यावर हळूहळू भार द्यायचा, आणि ती विरघळली की अंगठ्याला कळतंच. कुणाची कंबर खरंच धरलीय आणि कोण रानातलं काम टाळतोय, हेही कळायचं. सोंगाड्यांना मी टाचेनं जरा जास्त दाबायची आणि ते ओरडले की मला बरं वाटायचं. बारावीपर्यंत शिकले, पुढं काही झालं नाही. एवढी एकच गोष्ट मला जमत होती आणि ती चांगली जमत होती. म्हणून त्या पायाचं मला फार कौतुक होतं.

सासरी त्या पायाला मान होता, मला नव्हता. सासूबाईंना दर अमावस्येला सकाळी, चहाच्या आधी, कमरेवर पाय लागायचा. पण सुनेचा पाय सासूला लागणं म्हणजे पाप. त्यावर त्यांनी स्वतःच तोड काढली होती: पाय लावून झाला की मी लगेच वाकून त्यांच्या पाया पडायचं, म्हणजे पाप फिटलं. वीस-बावीस वर्षं मी त्यांची कंबर मोकळी करत होते आणि वर माफी मागत होते. नवऱ्याची कंबर धरली तर मध्ये घोंगडं. बायकोचा पाय थेट लागला तर त्याचं आयुष्य कमी होईल म्हणे. घोंगड्यातून मला काही कळायचं नाही, पण त्याचं समाधान व्हायचं.

गावात मात्र घोंगडं नव्हतं. रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर माणसं यायची. पायाळूनं यासाठी काही घ्यायचं नसतं, घेतलं तर गुण जातो. ही अट नवऱ्याला फार सोयीची पडली. काही घेत नाही म्हणून लोक त्याचे मिंधे राहायचे. तो सगळ्यांची विचारपूस करायचा, चहा पाजायचा, कुणाचा ऊस अजून तुटला नाही, कुणाचं कर्ज अडलंय हे ऐकून घ्यायचा, आणि मी आत जाऊन भाकऱ्या थापायला बसायची. मग एक दिवस तो गावच्या विकास सोसायटीच्या निवडणुकीला उभा राहिला. तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं मी लोकांच्या कमरा नाही, याची मतं चोळत होते.

ऊसतोड ऐन रंगात होती. उसाचे हिरवे शेंडे, म्हणजे वाडं, म्हशींसाठी आणायला मी रानात गेले होते. भारा बांधला, गुडघ्यावर घेतला आणि डोक्यावर टाकण्यासाठी कंबर वळवली. कमरेत कट् असा आवाज झाला. तो मी कानानं ऐकला नाही, दातांत ऐकला. भारा खाली, त्यावर मी. श्वास घ्यायला गेले तर श्वासही कमरेला लागत होता. शेजारच्या फडात तोडणी चालू होती, माणसं होती, पण हाक मारायला तोंड उघडलं आणि नुसती लाळ गळली. शेवटी रांगत, उभ्या उसाच्या सरीतून, बांधापर्यंत आले. तिथं नवऱ्याच्या मोटारसायकलची वाट बघत पालथी पडून राहिले.

तो आला. मला तशी पडलेली बघून गाडीवरून उतरला, आजूबाजूला बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "कुणी बगितलं न्हाई न्हवं?"

मला वाटलं, लाज वाटत असेल बायकोची. तसं नव्हतं. घरी आल्यावर सासूबाईंनी खुलासा केला. त्या आधी खूप हसल्या. "तुला? तुला कशी उसण भरंल? पायाळू न्हवं तू?" मग एकदम त्यांचा चेहरा उतरला आणि त्या मुलाला म्हणाल्या, "आरं, ह्ये गावात कळलं तर? समोरची माणसं म्हन्तील, जिचा पाय गावाची उसण काढतो, तिचीच कंबर धरली. दिव्याखाली अंधार. मतं जातील रं."

"त्येच म्हन्तोय मी," नवरा म्हणाला. दोघांचं एकमत झालं. इतक्या वर्षांत त्या घरात इतक्या पटकन कशावरच एकमत झालं नव्हतं.

मला मागच्या खोलीत, सरकी पेंडीच्या पोत्यांशेजारी झोपवलं. गावात सांगितलं की मी जतला माहेरी गेले आहे. माझा मोबाइल नवऱ्यानं स्वतःच्या खिशात ठेवला, कारण माहेरी गेलेली बाई मागच्या खोलीतून फोन उचलेल आणि आवाज बाहेर जाईल. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या आईसाठी म्हणून त्यानं दुखण्याच्या गोळ्या आणल्या. सासूबाईंनी विटेचा शेक दिला, निर्गुडीचा पाला बांधला. हे सगळं त्यांनी मनापासून केलं, ते नाही म्हणून चालणार नाही. पण कराडला डॉक्टरकडं न्या म्हटलं की दोघं माझ्याकडं मी त्यांच्या जिवावर उठल्यासारखं बघायची. "कराडात निम्मं गाव असतं," नवरा म्हणायचा. "आनि तू जतला हायस."

रविवारी माणसं आली. भिंतीपलीकडं मला सगळं ऐकू येत होतं. "वैनी न्हाईत?" "माहेरी गेल्यात." "आसं कसं, ऐन इलेक्शनात?" "आईचं बरं न्हाई त्यांच्या." माझी आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. मी तोंडात पदराचा बोळा घालून पडून होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा, आणि बुक्क्या मारणारं कुणी दिसतही नव्हतं.

दुखणं कमरेत राहिलं नाही. ते कुल्ल्यातून खाली उतरलं, मांडीच्या मागून, पोटरीच्या बाहेरून, थेट डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत. पायात कुणी तापलेली तार ओढतंय असं वाटायचं. आणि मग हळूहळू ते कमी व्हायला लागलं. घरात आनंदीआनंद. सासूबाई म्हणाल्या, "बग, पाल्यानं गुण दिला." मला मात्र दुखणं कमी झाल्याचा आनंद होईना, कारण त्याच्या जागी काहीच येत नव्हतं. पाऊल वरून बधिर होत चाललं होतं. चिमटा घेतला तर दुसऱ्याला घेतल्यासारखा.

"आवं, पाय कळंना मला," मी नवऱ्याला सांगितलं.

"कळंना म्हंजे? हाय की जागेवर."

"हाय, पर कळंना. पाय जाईल माजा. कराडला न्या."

"मतदान होऊ दे. तवर कळ काढ."

"आनि तवर पाय गेला तर?"

"पाय कुटं जातोय तुला टाकून?" असं म्हणून तो हसला आणि प्रचाराला गेला.

त्यात अमावस्या आली. सासूबाई सकाळी खोलीत आल्या, दार लावून घेतलं आणि खाली पालथ्या पडल्या. मी म्हटलं, "आत्या, मला उभं ऱ्हाता येईना." त्या जमिनीकडं तोंड करून म्हणाल्या, "पोत्याला धर की. पायच लावायचाय, नाचायचं न्हाई." मी पेंडीच्या पोत्याला धरलं आणि त्यांच्या कमरेवर पाय ठेवला. गाठ शोधायला अंगठा फिरवला. काही नाही. गाठ नाही, हाड नाही, लुगडं नाही. कमरेवर आहे की जमिनीवर, तेही बघून खात्री करावी लागली. इतकी वर्षं ती कंबर मला पाठ होती आणि आता माझा पाय तिला ओळखत नव्हता. मी घाबरले. रानात पडले होते तेव्हाही इतकी घाबरले नव्हते.

"झालं?" त्यांनी विचारलं, उठल्या आणि पाऊल पुढं करून उभ्या राहिल्या. मी पाया पडायला वाकले. वाकले ती तिथंच राहिले, गुडघ्यांवर, हात त्यांच्या पायांशी, डोकं जमिनीला. वर येता येईना. त्यांनी वरून म्हटलं, "सौभाग्यवती भव," आणि चहा ठेवायला गेल्या.

माझ्या रडण्याला कंटाळून असेल किंवा मी ओरडेन या भीतीनं, नवऱ्यानं मधला मार्ग काढला. कोरेगावकडं एक पायाळू होता, मिलिटरीतून सुभेदार होऊन आलेला. त्याचं मत आमच्या सोसायटीत नव्हतं, हा त्याचा मोठा गुण. रोग म्हशीला आणि औषध पखालीला. मी म्हटलं, मला डॉक्टर पाहिजे, पायाळू नको, मी स्वतः पायाळू आहे, मला माहीत आहे त्यात काय असतं. नवरा म्हणाला, "सोताच्या धंद्याला असं बोलू न्हाई."

सकाळी उजाडता उजाडता मला प्रचारासाठी आणलेल्या जीपच्या मागच्या सीटवर आडवी घातली. चौकात विरोधकांची माणसं चहाला बसतात, म्हणून चौक ओलांडेपर्यंत माझ्या अंगावरून डोक्यासकट चादर ओढली. मेलेल्या माणसालाही लोक चौकातून उघड्या तोंडानं नेतात.

सुभेदार अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होते. अंगात बनियन, खाली फौजी हाफपँट, केस बारीक. माणूस मोकळा होता. नवऱ्यानं हळू आवाजात सगळं सांगितलं तेव्हा ते मोठ्यानं हसले. "पायाळूला पायाळू! वा, गड्या. लोहे को लोहा काटता है!" मी त्यांना पाय कळत नाही म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "ताई, फौजेत असे लय सीधे केलेत. डरने का नहीं. उलटं झोपा." त्यांनी कमरेला हात लावून बघितला नाही, अंगठ्यानं काही शोधलं नाही. मी पालथी पडले, शेणानं सारवलेल्या जमिनीचा वास नाकात आला, आणि मागून त्यांच्या दोन पावलांचा धावत आल्यासारखा आवाज झाला.

त्या लाथेबद्दल मी कुणाला नीट सांगू शकलेले नाही. टाच कमरेच्या मधोमध बसली. काहीतरी आत सरकलं. डोळ्यांपुढं पांढरं झालं आणि मी तिथंच, तोंड जमिनीवर असतानाच, ओकले. सुभेदार खूश होते. "आवाज ऐकला न्हवं? मोकळं झालं." नवऱ्यानं हात जोडले. त्यांच्या मिसेसनं चहा आणला, आणि माझ्या ओकारीवर राख टाकून तिथंच बाजूला खुर्च्या मांडून त्यांनी चहा घेतला. उसाचा भाव, पोरांच्या भरत्या, सगळं बोलणं झालं. मी चादरीवर आडवी. परतताना नवरा गाडी चालवता चालवता शीळ घालत होता. "चार दिवसांत पळशील बग," तो म्हणाला.

घरी मागच्या दारानं मला उतरवलं. भिंतीला धरून आत आले. सासूबाई चुलीपाशी होत्या. "पाय का आपटत चाललीयास गं? आनि एक चप्पल कुटाय?" मी खाली बघितलं. डाव्या पायात चप्पल नव्हती. ती गाडीतच राहिली होती आणि मी खड्यांवरून, पाचटावरून अनवाणी आले होते. करंगळीतून रक्त येत होतं. मी बोटं वर उचलायला गेले. उजव्या पायाची उचलली गेली. डावं पाऊल ओल्या फडक्यासारखं लोंबत राहिलं.

सासूबाईंचा साधा बटणांचा फोन भिंतीतल्या दिवळीत होता. त्या म्हशीकडं गेल्या तसा मी तो घेतला आणि जतला भावाला फोन लावला. धाकटा भाऊ, डाळिंबाच्या वाहतुकीचा टेम्पो चालवतो. मी एवढंच म्हटलं, "मला न्यायला ये. पाय गेला माजा." तो जास्त काही विचारत बसला नाही.

दुपारी टेम्पो दारात उभा राहिला तेव्हा नवरा आडवा झाला. "पावनं, परवा मतदान हाय. परवा संध्याकाळी मीच घेऊन येतो." भाऊ म्हणाला, "भावजी, बाजूला व्हा." तो तसा शांत माणूस, पण त्याच्या हातात क्रेटचा दोर होता आणि तो दोर त्यानं हाताला गुंडाळायला सुरुवात केली होती. नवरा बाजूला झाला. तेवढ्यात सासूबाई आतून धावत आल्या. मला वाटलं, काहीतरी बोलतील, निदान जेवून जा म्हणतील. त्या म्हणाल्या, "म्होरनं नगो रं बाबा, मागनं घाल गाडी. आनि ताडपत्री ओढ तिच्यावर." मी त्यांच्या घरातून डाळिंबाच्या रिकाम्या क्रेटांच्या मधे, ताडपत्रीखाली निघाले. हायवेला लागल्यावर भावानं गाडी थांबवून ताडपत्री काढली, माझ्याकडं बघितलं आणि तो रडला. मला रडायला आलं नाही. मला पायाची घाई होती.

मिरजेला डॉक्टरीण बाई होत्या, माझ्यापेक्षा लहान. त्यांनी पायाच्या वरच्या बाजूला सुई टोचली. "कळतंय?" नाही. "इथं?" नाही. "अंगठा वर करा." मी जोर लावला, कपाळावर घाम आला, अंगठा तसाच. फोटो काढले. मणक्यांमधली गादी फुटून पायाची नस चेपली गेली होती. बाई भावावर कडाडल्या. "तुम्ही नवरा ना? इतके दिवस काय करत होता? पाऊल बधिर झालं त्याच दिवशी आणायचं होतं!" भाऊ मान खाली घालून ऐकत राहिला, मी भाऊ आहे असंही त्यानं सांगितलं नाही. मग बाईंनी मला विचारलं, काय काय उपचार केले. मी सांगितलं, पाला, शेक, गोळ्या, आणि आज सकाळी लाथ.

"काय?"

"लाथ. कमरेत."

त्यांनी लिहायचं थांबवलं. शेजारच्या नर्सनं तोंडावर हात ठेवला, ती हसत होती. "शिकलेल्या दिसता तुम्ही," बाई म्हणाल्या. शिकलेल्या बाईला लाथ बसत नाही असं त्यांना वाटत होतं, एवढंच मला कळलं. "ऑपरेशन लगेच करू," त्या शेवटी म्हणाल्या. "दुखणं जाईल. पायाचं मी काही सांगू शकत नाही. उशीर झालाय."

दुखणं गेलं. बाईंचा शब्द खरा. शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा मी चादरीखालून डावा अंगठा हलवायला बघितला, आणि पुढचे कितीतरी दिवस, डोळे उघडले की तेच करायची.

मतदानाच्या दिवशी नवरा आला नाही. निकालाच्या दुसऱ्या दिवशी आला. आंघोळ करून आला होता, पण कानाच्या पाळीमागं गुलाल राहिला होता. खाटेशेजारी बसला, सफरचंदांची पिशवी ठेवली. "आलो निवडून," म्हणाला.

"पाय गेला," मी म्हटलं.

त्यानं पिशवीतली सफरचंदं उगाच सारखी केली. तेवढ्यापुरतं त्याला वाईट वाटलं असावं, मी बघितलं ते. मग त्यानं इकडंतिकडं बघून विचारलं, "हितं गावाकडचं कुणी भेटलं न्हाई न्हवं?" मी तोंड फिरवून घेतलं. तो माणूस मला त्या दिवशी कायमचा नकोसा झाला आणि अजून नकोसाच आहे. त्याच्याच घरात राहते, त्याच्यासाठी भाकरी थापते, पण यात काही बदल झालेला नाही.

घरी आले ती पायात प्लास्टिकची पट्टी घालून. पाऊल लोंबू नये म्हणून ती गुडघ्याखालपासून तळव्यापर्यंत बांधायची. कराडला विजेचे झटके देणारा होता, त्याच्याकडं आता खुशाल नेऊ लागले, निवडणूक झाली होती ना. झटके दिले की पाऊल उडायचं आणि मला वाटायचं आलं. यंत्र बंद केलं की पडायचं. असं पुष्कळ दिवस चाललं. मग त्या माणसानंच एकदा सांगितलं, "काकू, आता येऊन उपयोग नाही."

गावाला अर्थातच कळलं होतं. चौकात पुष्कळ थट्टा झाली, व्हॉट्सअॅपवर आमच्या नावानं काय काय फिरलं. "पायाळूची कंबर" हा गावात वाक्प्रचारच झाला. ज्याचं त्यालाच निस्तरता येत नाही अशा माणसाला म्हणायचे. रविवारी ओट्यावर कुणी येईना. खरं सांगते, मला हायसं वाटलं. पाय गेला तर गेला, निदान तो आता कुणाचा नाही, असं मी मनाची समजूत घालत होते.

पण सासूबाईंची कंबर होतीच. एका अमावस्येला त्यांनी उंबऱ्यात सतरंजी टाकली आणि मुलाला हाक मारली. मी म्हटलं, "आत्या, ह्या पायात आता काय न्हाई. मेलाय त्यो."

"पाय तर हाय न्हवं?" त्या म्हणाल्या. "पायानं जलमलीस ती जलमलीसच. त्यो गुण कुटं जातोय?" आणि त्या पालथ्या पडल्या. मला खुर्चीत बसवलं होतं. नवऱ्यानं खाली बसून माझी पट्टी सोडली, घोटा धरला, पाऊल उचललं आणि आईच्या कमरेवर ठेवून दाबलं, इस्त्री दाबावी तसं. सासूबाई उठल्या. अंगणात फेरी मारून आल्या. "लय गुण आला," त्या म्हणाल्या. "पयल्यापेक्षा जास्त. आदी निम्मा गुण तिचा तीच खात हुती. आता सगळा भायेर येतोय." मी सवयीनं खुर्चीचा हात धरून वाकायला लागले, तर त्यांनी मला थांबवलं. "आता पाया पडू नगंस. माझ्या लेकानं लावला पाय. तुजा कुटं ऱ्हायलाय त्यो?"

त्यांनी हे गावभर सांगितलं आणि गावानं ऐकलं. आता रविवारी पूर्वीपेक्षा जास्त माणसं येतात, कराड-साताऱ्याकडूनही येतात. मेलेल्या पायाला गुण जास्त असतो असं पसरलंय. थट्टा करणारे चौकातले लोकही येऊन गेले. मला आंघोळ घालून, खुर्चीत बसवून ओट्यावर आणतात. नवरा खाली बसतो, पाऊल उचलतो, ठेवतो, दाबतो. माणसं कण्हत येतात आणि ताठ चालत जातात, हे मी माझ्या डोळ्यांनी बघते. कुणाला गाठ आहे, कोण सोंग करतंय, काही कळत नाही. मी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसते.

मागच्या रविवारी वरच्या आळीतला एक म्हातारा पालथा पडला होता. पुष्कळ वेळ झाला असं वाटलं. उन्हं ओट्यावर आली होती. मी विचारलं, "बाबा, लागला का पाय?"

"कवाच लागला की, वैनी," तो खालून म्हणाला. "तुमचं ध्यान कुटं हाय?"